सत्तेचाळीस नंबरची चिट

अंकाच्या संपादकांनी फोनवर सांगितलं, "ताई, अनुभव लिहा, पण जास्त टेक्निकल नको हं. वाचक पान उलटतात." मी "बिल्कुल" म्हटलं, फोन ठेवला आणि ठरवलं की टेक्निकलच लिहायचं. ज्याला पान उलटायचं त्याने खुशाल उलटावं. त्याच वाचकाच्या घरचं नेट रविवारी सकाळी बंद पडतं तेव्हा तो मला फोन करतो, आणि मी सांगेन ती ओळ न ओळ मान खाली घालून लिहून घेतो.

आपल्या दिल्लीकडच्या मराठी मंडळाच्या अंकात दरवर्षी कोणी मंत्रालयातल्या आठवणी लिहितं, कोणी परदेशातल्या पोस्टिंगच्या. चांगल्याच असतात. मला कधी पोस्टिंग मिळालं नाही. सोळा वर्षं मी फरीदाबादमध्ये एका खुर्चीवर बसून, कानाला हेडफोन लावून, लोकांच्या घरातलं नेट चालू करून दिलं. त्यातली बहुतेक घरं मी पाहिलेली नाहीत. पण कोणाच्या घरी कुकर किती वाजता लागतो आणि कोणाचे सासरे फोनच्या मागून सूचना देतात, हे मला आवाजावरून माहीत असायचं.

मंडळाच्या कार्यक्रमात नवीन ओळख झाली की हमखास विचारतात, "वानखेडे म्हणजे मूळचे कुठले?" त्या प्रश्नाच्या पोटातला प्रश्न मला कळतो. मी सांगते, "फरीदाबादचे." समोरचा हसतो आणि जेवणाच्या रांगेकडे बघायला लागतो. ज्यांना खरंच जाणून घ्यायचंय त्यांच्यासाठी सांगते. माझे बाबा यवतमाळकडून दिल्लीत आले आणि एका सरकारी कार्यालयात शिपाई म्हणून लागले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बी.एस्सी., कॉम्प्युटर. माझ्या पदवीचा कागद बाबांनी फ्रेम करून भिंतीवर लावला नाही. "उन्हाने शाई उडते," म्हणाले आणि प्लास्टिकच्या पिशवीत घालून ट्रंकेत ठेवला.

बाबा डाक वाटायचे. त्यांच्या काखेत एक लांबट वही असायची, पिऊन बुक. कोणता कागद कोणत्या टेबलावर दिला ते त्यात लिहायचं आणि घेणाऱ्याची समोर सही घ्यायची. घरी भाजी निवडतानासुद्धा ते आम्हाला त्यांच्या नोकरीचा नियम सांगत: "हातात दिल्याशिवाय सही घ्यायची नाही. वाचल्याशिवाय सही करायची नाही." आई म्हणायची, "ही वालाची शेंग आहे, हिला कोण सही करणार?" पण तो नियम माझ्या डोक्यात बसला तो बसलाच.

आता कामाबद्दल. कॉम्प्युटरमध्ये एक छोटा भाग असतो, त्याच्यात नेटची तार जाते. त्याला नेटवर्क अडॅप्टर म्हणतात. घराला जसा दरवाजा, तसा तो कॉम्प्युटरचा. नुसता दरवाजा असून भागत नाही, त्याच्यावर नंबर लागतो. आमची कंपनी लहान होती, आमच्याच भागापुरती. खांबावरून तार यायची आणि सरळ घरातल्या कॉम्प्युटरला लागायची. आज तुमच्या घरातला वाय-फायचा डबा हे नंबर आपोआप घेतो. तेव्हा आमच्याकडे ते हाताने भरावे लागत. अडॅप्टरच्या सेटिंगमध्ये जायचं आणि चार ओळी भरायच्या.

पहिली ओळ पत्ता. समजा, सोसायटीतला तुमचा फ्लॅट नंबर. दुसरी ओळ मास्क. ती कॉम्प्युटरला सांगते की पत्त्यातला कोणता भाग सोसायटीचा आणि कोणता तुमचा. तिसरी गेटवे, म्हणजे सोसायटीचं गेट. बाहेर जायचं असेल तर तिथूनच. चौथी डीएनएस. गेटवर एखादा जुना गार्ड असतो बघा, त्याला नाव सांगितलं की तो घर सांगतो, तसा. संपलं. एवढंच शास्त्र आहे. ह्याच्यासाठी लोक मला "मैडम, आप तो जादू करती हो" म्हणायचे. मला ते कधी आवडलं नाही. जादू म्हटलं की शिकायची जबाबदारी संपते.

त्या खिडकीपर्यंत माणसाला फोनवरून न्यायचं हे मात्र कसब होतं. एक छोटा रस्ता होता. एका रिकाम्या चौकटीत एन-सी-पी-ए, टिंब, सी-पी-एल एवढं टाइप केलं की थेट अडॅप्टरची खिडकी उघडते. कंपनीने अक्षरं सांगायला एक इंग्रजी यादी दिली होती, विमानवाले वापरतात तसली. बल्लभगढच्या कोणत्या घरात ती यादी पाठ असणार? मी आपली माझी केली. "एन फॉर नागपुर, सी फॉर चंद्रपुर, पी फॉर पानिपत, ए फॉर अमरावती." एका म्हाताऱ्या ताऊंनी मला मध्येच थांबवलं. "बेटी, नेट चलाना है या टिकट कटवाणी है?" टीम लीडरने माझा तो कॉल ऐकला आणि मला लेखी समज दिली. मी यादी बदलली नाही. पानिपत मात्र सगळ्यांना एका झटक्यात समजायचं.

एक गृहस्थ होते, करोल बागेत त्यांचं कपड्यांचं दुकान. ते दुकानातून फोन करायचे आणि म्हणायचे, "घर का नेट बंद है, ठीक कर दो." कॉम्प्युटरसमोर कोणी आहे का विचारलं की चिडायचे. "मैं यहाँ हूँ, कंप्यूटर वहाँ है, आप तीसरी जगह हो. ठीक तो आपको ही करना है ना!" दुसरे एक सक्सेना अंकल. रोज रात्री गॅसचा कॉक बंद करावा तसा ते अडॅप्टर डिसेबल करून झोपायचे. सकाळी उठून चालू. एकदा ते लग्नाला पानिपतला गेले आणि त्यांच्या मिसेसनी मला फोन केला: "इनका ताला कैसे खुलता है, बता दो, इनको मत बताना." मी सांगितलं. त्यानंतर अंकल झोपले की त्या सिरियल बघायच्या आणि पहाटे परत डिसेबल करून ठेवायच्या.

आणि एक जात रोज भेटायची. "मैडम नहीं, इंजीनियर से बात कराओ." मी म्हणायचे, "होल्ड कीजिए." बटण दाबायचं, दोन घोट पाणी प्यायचं, परत त्याच आवाजात, "जी, इंजीनियर बोल रही हूँ." काही जण गप्प व्हायचे. काही हसायचे. काही फोन ठेवायचे आणि दहा मिनिटांनी परत माझ्याच लाइनवर यायचे, कारण खुर्च्या चौदाच होत्या.

माझी एक पद्धत होती आणि तिच्यावरूनच पुढचं सगळं घडलं. कॉल सहा मिनिटांत संपवायचा असा आमच्याकडे नियम होता. बाकीची मुलं-मुली ग्राहकाकडून भराभर आकडे भरून घ्यायची आणि फोन ठेवायची. मी म्हणायचे, "पहले पेन लाइए. कागज़ लाइए." लोक वैतागायचे. पेन सापडायचं नाही. मी थांबायचे. मग चारही ओळी त्यांच्या हाताने कागदावर लिहून घ्यायला लावायच्या, परत वाचून दाखवायला लावायच्या, आणि मगच कॉम्प्युटरला हात. "ये चिट संभालके रखना. अगली बार कंप्यूटर फॉरमैट हो, तो मुझे फोन करने की ज़रूरत नहीं पड़ेगी."

आमचे मॅनेजर भाटिया सर ह्याला म्हणायचे, "वानखेडे का साक्षरता अभियान." माझा कॉल नऊ-दहा मिनिटांचा व्हायचा आणि तक्त्यावर माझं नाव लाल रंगात यायचं. पण माझे ग्राहक परत फोन करायचे नाहीत. ते कोणत्याच तक्त्यात येत नव्हतं. ग्राहकाला कळलं तर तो आपल्यावर अवलंबून राहत नाही, आणि कंपनीला तेच नको असतं, हे मला हळूहळू समजलं. समजलं तरी मी पेन मागायचं सोडलं नाही.

सहा-सात वर्षांपूर्वी आमच्या एका सोसायटीतून तक्रारी यायला लागल्या. चार मजली एकच बिल्डिंग आणि आठवड्यात अकरा घरांतून तक्रारी. नेट येतं, जातं, परत येतं. आमचा लाइनमन सतपाल तीनदा जाऊन आला. "मैडम, तार मन्ने तीन बर बदल दी. डब्बा बी बदल दिया. इब के बिल्डिंग बदल दूँ?" तो गेला की तासभर बरं चालायचं, मग पुन्हा तेच. भाटिया सर हॉलमध्ये फेऱ्या मारत होते, कारण पूर्ण बिल्डिंग दुसऱ्या मोठ्या कंपनीकडे जाणार अशी बातमी होती.

त्यातले दोन कॉल माझ्याकडे आले होते. मी विचारलं, "सेटिंग चेक की?" दोघांनीही तेच सांगितलं: "हाँ जी, वानखेडे मैडम वाली चिट से मिला ली. बिल्कुल वही है." माझी चिट! माझं नाव! मी खूश झाले आणि वाचून दाखवा असं म्हटलं नाही. सोळा वर्षांत परत वाचून घ्यायचं मी कदाचित दोनदाच विसरले असेन. ते हे दोन.

चौथ्या दिवशी मी तक्रारींच्या वेळा एका कागदावर मांडल्या. एका घराचं नेट आलं की दुसऱ्याचं जात होतं, अगदी पाळी लावल्यासारखं. तार खराब असेल तर असं होत नाही. बिघाड घरातल्या सेटिंगमध्येच असणार. शनिवारी माझी सुट्टी होती. मी ऑटो करून त्या बिल्डिंगमध्ये गेले. फोनवरच्या माणसाने ग्राहकाच्या घरी जायची आमच्याकडे पद्धत नव्हती.

पहिल्या मजल्यावर गुलाटी आंटी राहायच्या. साठीच्या, गुडघ्यांना पट्टे, आवाज खणखणीत. मी नाव सांगितल्याबरोबर त्यांनी मला मिठीच मारली. "हाय, तू है वानखेडे! मैं तो सोचती थी बड़ी उमर की होगी, इतना डाँटती है!" मी चिटबद्दल विचारलं. त्यांनी अभिमानाने स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार उघडलं. आत, लोणच्याच्या बरण्यांच्या वर, लॅमिनेट केलेला कागद चिकटवला होता. त्यांच्याच हाताने देवनागरीत लिहिलेल्या चार ओळी, आणि वर मोठं शीर्षक: "नेट वाली चिट – वानखेडे मैडम".

"आंटी, ये किसी और को दी क्या?"

"दी क्या मतलब? सबको दी! जिसका बंद होता, मेरे पास आता. फोटोस्टेट करा के रखी हैं. तेरी लाइन तो बेटा लगती ही नहीं है. पुण्य का काम है, मैंने मना थोड़ी करना था."

 चार ओळींतल्या तीन ओळी सगळ्या बिल्डिंगच्या सारख्याच. मास्क एक, गेट एक, गार्ड एक. पण पहिली ओळ, पत्ता, तो प्रत्येक घराचा वेगळा. आंटींच्या पत्त्याचा शेवटचा आकडा सत्तेचाळीस. आणि बाकीच्या दहा घरांनी ती चिट जशीच्या तशी उतरवली होती. दहीवड्याची कृती शेजारणीकडून घ्यावी तशी. अकराही घरं सत्तेचाळीस नंबरची! पहिल्यांदा उतरवली तेव्हा चाललंही, कारण तेव्हा आंटींचा कॉम्प्युटर बंद होता. मग चिटवर विश्वास बसला. एकाच नंबरचे दोन कॉम्प्युटर एका वेळी चालू झाले की टपाल कुठल्या दारात टाकायचं हे कळत नाही, आणि दोन्हीकडची खेचाखेच सुरू होते. पडद्याच्या कोपऱ्यात तशी सूचना येते. पण ती छोटीशी चौकट लोक झुरळासारखी झटकून टाकतात.

मला हसूही आलं. खरंच सांगते. आंटींनी चहा ठेवला आणि मी हसत म्हटलं, "आंटी, आपने पूरी बिल्डिंग को अपने घर में बसा लिया." त्याही हसल्या. दारात एक मुलगी उभी होती, ती हसली नाही.

तिचं नाव निशा. तिसऱ्या मजल्यावर राहायची, बी.कॉम., वडील एका कारखान्यात मशीन चालवायचे. आंटी म्हणाल्या, "इनके घर की पहली लड़की है जो कॉलेज गई." ते ऐकून मी तिच्याकडे नीट पाहिलं. तिने लॅपटॉप फॉरमॅट करून घेतला होता आणि मग आंटींची चिट उतरवली होती. मंगळवारी दुपारी तिची व्हिडिओवर मुलाखत होती, दुसऱ्या फेरीची. ती सुरू असताना आंटींनी खाली भजनाचा लाइव्ह कार्यक्रम लावला. निशाचं नेट तीनदा तुटलं. तिसऱ्यांदा ती परत आली तेव्हा समोरच्यांनी कॉल बंद केलेला होता. नंतर नकाराचं दोन ओळींचं मेल आलं.

"चिट पे आपका नाम था, मैडम," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "मुझे लगा कंपनी की है. सही ही होगी."

 "आंटीने बाँटी" म्हणायची सोय होती. आंटींचा चेहरा पडला होता, त्यांना पहिल्यांदाच समजत होतं काय झालं ते. पण आंटींना मी कधी सांगितलं होतं की पहिली ओळ फक्त तुमची आहे? नाही. मी फक्त लिहून घेतलं होतं. मला वाटायचं, मी शिकवतेय. मी डिक्टेशन देत होते. मी निशाला म्हटलं, "गलती मेरी है." ती म्हणाली, "हाँ," आणि वर निघून गेली.

मी तिथूनच भाटिया सरांना फोन करून सगळं सांगितलं. संध्याकाळी त्यांनी मला ऑफिसला बोलावलं. टेबलावर आंटींच्या चिटची फोटोकॉपी होती, सतपाल घेऊन आला होता. शेजारी टाइप केलेलं एक पान. इंग्रजीत लिहिलं होतं, की मी कंपनीची गोपनीय माहिती परवानगी न घेता ग्राहकांना लेखी दिली, त्यामुळे नेटवर्क बिघडलं, मी माफी मागते, आणि ह्यापुढे कोणत्याही ग्राहकाला सेटिंग लिहून देणार नाही.

"साइन करो और बात खतम," भाटिया सर म्हणाले. माणूस वाईट नव्हता, त्यांच्यावरही कोणीतरी ओरडलेलं असणार.

"सर, इसमें झूठ लिखा है."

"कौन सा झूठ? चिट तुम्हारी नहीं है?"

"चिट मेरी है. गोपनीय क्या है इसमें? आदमी के अपने घर का नंबर उससे गोपनीय कैसे? गलती ये है कि मैंने आधा समझाया. वो लिखिए, अभी साइन करती हूँ."

"वानखेडे, ये कॉलेज की डिबेट नहीं है यार. मंडे सुबह साइन किया हुआ कागज़ चाहिए. नहीं तो मंडे को मत आना."

मी ते पान घेऊन घरी आले. बाबा तेव्हा रिटायर झाले होते. त्यांनी चष्मा लावला आणि बोट फिरवत, ओठ हलवत, पूर्ण पान वाचलं. इंग्रजी त्यांना सावकाश येतं, पण येतं. मला वाटलं, आता बाबा त्यांचा नियम सांगतील आणि मला बळ येईल. बाबांनी कागद खाली ठेवला.

"वाचलंस ना?"

"हो."

"मग कर सही."

"बाबा!"

"वाचल्याशिवाय करू नको म्हटलं होतं. वाचून करू नको, असं कधी म्हटलं? मी चाळीस वर्षं नको ते ऐकून घेतलं. नोकरी टिकवली म्हणून तू कॉलेजात गेलीस."

"तुम्ही ऐकून घेतलंत म्हणून मला ऐकून घ्यायला लागू नये. त्यासाठीच शिकवलंत ना?"

 आई आतून म्हणाली, "दोघंही जेवून घ्या आधी." आम्ही जेवलो. मी सही केली नाही. बाबांनी परत विचारलं नाही, पण रेडिओचा आवाज नेहमीपेक्षा मोठा ठेवला.

रविवारी सकाळी मी पुन्हा त्या बिल्डिंगमध्ये गेले. गुलाटी आंटींनी बाकीच्या दहाही घरांना बोलावून ठेवलं होतं. सोफ्यावर चार, पलंगावर तीन, बाकीचे दारात. हवा माझ्या बाजूची नव्हती. एक वर्माजी म्हणाले, "मैडम, कनेक्शन तो हम कटवा रहे हैं, आप किसलिए आई हो?" मी म्हटलं, "कटवा दीजिए. पर जाने से पहले ये समझ लीजिए कि हुआ क्या था. अगली कंपनी भी नहीं बताएगी."

मी त्यांना फ्लॅट नंबरचं उदाहरण दिलं. विचारलं, "ह्या बिल्डिंगमध्ये अकराही दारांवर आंटींचाच नंबर लावला, तर कुरियरवाला काय करील?" हिंदीतच विचारलं, अर्थात. वर्माजी म्हणाले, "सारे पार्सल गुलाटी जी के!" सगळे हसले, आणि मला कळलं की आता समजलं. मग मी कोरे कागद वाटले. तीन ओळी सगळ्यांनी एकदमच लिहिल्या, शाळेत लिहितात तशा. पहिली ओळ प्रत्येकाला त्याच्याजवळ जाऊन वेगळी दिली. बावन्न, त्रेपन्न, एकसष्ट. त्या ओळीखाली दोन रेघा मारायला लावल्या आणि बाजूला लिहायला लावलं: "यह सिर्फ मेरे घर का है." ह्या वेळी प्रत्येकाकडून परत वाचून घेतलं. आंटींनी लॅमिनेट केलेली चिट स्वतःच्या नखांनी कपाटावरून उखडली. लोणच्याच्या तेलाने ती चांगली चिकटली होती.

निशा आली होती. भिंतीला टेकून उभी होती. तिने लिहिलं, लॅपटॉपमध्ये भरलं, सगळ्यांत आधी बरोबर भरलं.

शेवटी मी एक तक्ता फिरवला. बाबांच्या वहीसारखाच आखला होता: घर, नाव, पत्ता मिळाला, समजला, सही. मी म्हटलं, "समझ में आया हो तो ही साइन करना." तक्ता फिरून परत आला तो मी न बघताच घडी करून पर्समध्ये टाकला.

सोमवारी सकाळी मी ऑफिसला गेले. भाटिया सरांच्या टेबलावर त्यांचं पान ठेवलं, बिनसहीचंच. त्याच्यावर माझा तक्ता ठेवला.

"ये क्या है?"

"माफीनामा नहीं है सर. पावती है."

त्यांनी समोरच्या पडद्यावर त्या बिल्डिंगच्या तक्रारी पाहिल्या. शनिवारपासून बघत असतील. रविवार दुपारनंतर एकही नव्हती. मग तक्ता वाचला. बोट शेवटच्या ओळीवर थांबलं. "इस लड़की ने साइन नहीं किया."

"नहीं किया, सर. मैंने भी नहीं किया."

 त्यांनी दोन्ही कागद उचलले, तक्ता मला परत दिला आणि त्यांचं पान ड्रॉवरमध्ये टाकलं. "जाओ. लाइन पे बैठो. सात कॉल वेटिंग में हैं."

एवढंच. शाबासकी मिळाली नाही. सेटिंग लिहून द्यायची नाहीत असा नियम पंधरा दिवसांनी निघाला आणि भिंतीवर लागला. मी त्या भिंतीकडे पाठ करून बसायचे आणि म्हणायचे, "पहले पेन लाइए." फक्त एक वाक्य वाढलं होतं: "पहली लाइन के नीचे दो लकीरें खींचिए." कॉल अकरा मिनिटांवर गेला. टीम लीडर मला कधी केलं नाही, माझ्यानंतर आलेल्या तिघांना केलं. त्याचं वाईट वाटलं का? वाटलं. अजूनही वाटतं. पण त्या तिघांपैकी कोणालाही फरीदाबादच्या भाजीबाजारात अनोळखी बाईने आवाजावरून ओळखून, "अरे, चिट वाली!" म्हणून कोथिंबिरीची जुडी हातात कोंबलेली नाही.

आता ते काम राहिलेलं नाही. डबे हुशार झाले, नंबर आपोआप मिळतो, कंपनीही एका मोठ्या कंपनीत विरघळली. आज फोन केलात तर यंत्र बोलतं आणि म्हणतं, बंद करून चालू करा. बहुतेक वेळा चालतंही. चालतं म्हणून लोक खूश, आणि का चाललं हे कोणालाच माहीत नाही. मी आता दुसऱ्या ठिकाणी नवीन मुलांना शिकवते. त्यांना सगळ्यात आधी अडॅप्टरच्या चार ओळी हाताने भरायला लावते. ते म्हणतात, "मैम, ये तो ऑटोमैटिक होता है." मी म्हणते, "भरो."

निशाचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही. चौकशी करता आली असती, गुलाटी आंटींनी सांगितलं असतं. मी केली नाही. चांगलं झालं असेल तर मी माझं ओझं उतरवून मोकळी झाले असते, आणि तो हक्क मला नाही.

त्या सोमवारी संध्याकाळी घरी आले तेव्हा बाबा दारातच होते. त्यांनी "काय झालं" विचारलं नाही, नुसता हात पुढे केला. मी तक्ता दिला. त्यांनी तो दिव्याखाली नेला आणि पिऊन बुकवर फिरवायचे तसं बोट वरून खाली फिरवलं. गुलाटी, सही. वर्मा, सही. एका घरात आजीबाईंचा अंगठा. दहा घरं झाली. अकराव्या घरासमोर "पता मिला" ह्या रकान्यात बरोबरची खूण होती, "समझ में आया" मध्येही खूण होती, आणि सहीच्या जागी बारीक, सरळ अक्षरात लिहिलं होतं: "समझ गई. माफ़ नहीं किया. – निशा"

बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि ती ओळ पुन्हा वाचली.

"दहा जणांनी सही केली," ते म्हणाले. "वाचलंय हिनेच."